हळदीतला मासा

“उठा, जावाईबापू, उठा! तुमी माशावर बसून राहिले!”

ओरडत होते माझे सासरे. म्हणजे अजून सासरे व्हायचे होते. लग्न संध्याकाळी होतं आणि सकाळची हळद चालू होती. त्यांचा आवाज असा, की मूर्तिजापूरजवळच्या आपल्या खळ्यात त्यांनी बैलाला हाक मारली तर अकोल्याच्या बाजारातले बैल माना वळवायचे. मी अंगभर हळद माखून, कमरेला पंचा गुंडाळून, मांडवातल्या न्हाणाच्या दगडावर उकिडवा बसलेलो. सवाष्णींनी डोक्यावर नुकतेच तांबे रिते केले होते. डोळ्यांत हळद, कानांत पाणी. मला वाटलं, नवरदेवाची काहीतरी थट्टा चालली असेल. तरी उठलो.

खाली खरंच मासा होता.

चांगला दीड हात लांब. पाणी दगडावरून ओघळून गेलं होतं, हळद मात्र मागं राहिली होती. दगडात जिथं जिथं केसाएवढी रेघ होती तिथं ती जाऊन बसली होती, आणि त्या पिवळ्या रेघांनी अख्खा मासा उमटला होता. तोंड सुसरीसारखं लांब. डोकं दाणेदार, भरल्या कणसासारखं. आणि मानेपासून शेपटीपर्यंत अंगभर शंकरपाळ्यांच्या आकाराचे खवले, एकाला एक भिडवून तिरप्या ओळींत लावलेले. आपल्या नदीतल्या माशाचे नखानं निघतात तसले लिबलिबीत खवले नव्हेत, हाडाचे, वरून काचेसारखे चकाकणारे. पोलादी चिलखत घालून कोणी सरदार निजावा तसा तो निजला होता. मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली, ती त्याच्यावर पडली आणि तो सोन्याचा झाला. सनई थांबली. सनईवाल्यानं गालांत भरलेली हवा तशीच राहिली. मी सांगतो, दुपारपर्यंत राहिली.

हा दगड माझ्याखाली आला कसा, ते आधी सांगायला हवं.

कापसाची ती वेडी वर्षं. साता समुद्रांपलीकडं गोरे गोऱ्यांशी लढत होते, त्यांचा कापूस तिकडं अडकला, आणि इकडं आमचं वऱ्हाड असं फुगलं की झोपताना लोक दाराला कडी लावायचे ते चोरांसाठी नव्हे, आपणच हवेत उडून जाऊ नये म्हणून. गाड्यांच्या चाकांना लोकांनी चांदीच्या धावा बसवल्या. आमच्या बडनेऱ्याच्या वाटेवर तर अंधारात कंदील लागत नसे, चाकांनी वाटेवर ओढलेल्या चांदीच्या रेघा धरून गाडी हाकायची. लग्नं म्हणजे चढाओढ. एका लग्नात पाहुण्यांना गाद्यांऐवजी सरकी काढलेल्या कापसाचे ढीग दिले होते. माझा एक मामा जेवून त्यात टेकला तो तिसऱ्या दिवशी सापडला, आणि सापडल्यावर रागावला.

तर अशा दिवसांत माझ्या सासऱ्यांनी ठरवलं, की सगळ्या वऱ्हाडात जावयाला काळ्या दगडावर न्हाऊ घालतात, आपल्या जावयाला पांढऱ्या दगडावर घालायचं. मूर्तिजापूरजवळ आगगाडीच्या वाटेसाठी टेकडी कापत होते. त्या खोदाईतून निघालेली एक पांढुरकी, पाटासारखी सपाट शिळा त्यांनी मुकादमाला गाठून आणवली. आठ बैल लागले असं ते सांगत. मी पाहिले दोन. “माह्या पोरीनंच धुतली, तिनंच गड्यायकून मांडवात बसवून घेतली,” असं आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. पोरीला आई नव्हती. घर तीच चालवायची, म्हणून तिचं लग्न त्या काळाच्या मानानं फार लांबलं होतं. तिच्या बरोबरीच्या मुली तोवर लेकरं खेळवत होत्या.

मी तिला एकदाच पाहिलं होतं, अमरावतीच्या बाजारात. बांगड्या भरताना ती कासाराशी भांडत होती. कासार म्हणे, बाई, हात नरम सोडा. ती म्हणे, तुमच्या बांगड्या मोठ्या करा. तेव्हापासून माझं जेवण तुटलं. बारा भाकरींवरून अकरावर आलो. हे लग्न मोडलं असतं तर मी दहावर आलो असतो, आणि तिला तर पुन्हा कोणी मागणीच घातली नसती. मांडवातून परत गेलेल्या पोरीला आमच्याकडं कोण विचारतो?

शिळा मांडवात बसवली होती ती खरबडीत बाजू वर करून. ते आमच्या बाबांना दिसलं.

वरबाप लग्नात रुसला नाही तर लग्न लागलं असं आमच्याकडं कोणी धरत नाही. बाबा पहाटेपासून रुसायला कारण शोधत होते. आम्हा वरपक्षाला उतरायला दिलेलं घर लख्ख सारवलेलं, दूध दाट, माणसं गोड. बाबा बिचारे घायकुतीला आले होते. दगड दिसला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“माह्या पोराले खरबडीत दगड? त्याच्या बुडाले का खाज सुटली हाये?”

“इवाई, पाट टाकतो ना वरून,” सासरे म्हणाले.

“पाट नको. दगड पलटवा. नाईतर गाड्या जुपतो.”

पलटवला. खालची बाजू गुळगुळीत, मातीनं लिंपलेली. तिच्यावर मी बसलो, माती धुतली गेली, हळद रेघांत उतरली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

नुसता मासा निघाला असता तर हसून विषय संपला असता. अडलं देवकापाशी. ज्यांचं देवक एक ते एका रक्ताचे, त्यांची सोयरीक होत नाही. आता लोकांची देवकं कशी, कळंबाची डहाळी, मोराचं पीस. आमच्या दोन्ही घरांची दगडाची. माझ्या पणज्याला मोर्शीकडं, डोंगराच्या पायथ्याशी, नांगराच्या फाळाला लागून एक तळहाताएवढा दाणेदार तुकडा मिळाला होता. आम्ही त्याला कासव म्हणत आलो. सासऱ्यांकडचे लोकही मूळ मोर्शीच्याच बाजूचे. त्यांच्या तुकड्यात चकाकते शंकरपाळे चिकटलेले. तो त्यांचा नाग. कासव आणि नाग म्हणजे वेगळी देवकं, मागणीच्या वेळी दोन्ही घरांतल्या बायामाणसांनी दोन्ही तुकडे पाहूनही घेतले होते, म्हणून सोयरीक बिनघोर जुळली होती. दोन्ही तुकडे लाल फडक्यात बांधून मांडवाच्या मेढीला लावले होते.

सासरे मेढीपाशी गेले. फडकी सोडली. आमचं कासव माशाच्या डोक्याशी ठेवलं. दाणा दाण्याला जुळला. आपला नाग माशाच्या कमरेशी ठेवला. शंकरपाळं शंकरपाळ्याला जुळलं. पिढ्यान् पिढ्या दोन घरं दोन देवांना नारळ फोडत होती, आणि देव होता एकच, त्याचं डोकं एका घरात आणि अंग दुसऱ्या घरात गेलेलं.

माझ्या पाठीवरची हळद थंड पडली.

“एकच जनावर हाये,” सासरे म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाले. “इवाई, आपलं देवक एक निंगालं. हे दोघं भाऊ-बहीन झाले.”

“काहीचं काही! आमचं कासव हाये.”

“कासवाले असं सुसरीवानी तोंड असते का?”

“म्हातारं झाल्यावर येते.”

“अन् शेपूट? शेपूटबी म्हातारपनीच फुटते का?”

बाबांना कळलं की कासव काही टिकत नाही. त्यांनी पवित्रा बदलला. “बरं बावा, असन एक. पन डोकं आमचं हाये. शेपूट तुमचं.”

“शेपटीबिगर मासा चालते का?”

“डोक्याबिगर कोनता चालते?”

“काहून, तुमच्या घरातले सगळेच चालून राहिले की!”

मांडव हसला. मला हसू येईना. लग्न बुडत होतं आणि दोघे नावेचा कोणता भाग कोणाचा म्हणून भांडत होते. भटजींनी पंचांग उघडलं, चाळलं, मिटलं, आणि मासा दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून बसले. मेढीपाशी सासऱ्यांची आत्या बसली होती, लहानशा खलबत्त्यात आपलं पान कुटत. गावातली सर्वांत म्हातारी तीच. तिचं कुटणं तेवढं चालू होतं. ठक, ठक, ठक. आतल्या दाराच्या फटीतून नवरीचा पिवळा पदर दिसला. आणि तो हलत नव्हता.

तेवढ्यात तट्टावरून साहेब आला.

हा साहेब हातोडा घेऊन वऱ्हाडभर दगड फोडत हिंडायचा. लोक म्हणत, त्याच्या देशात दगड संपले. खोदाईजवळच्या आंब्याखाली त्याचा तंबू होता. आमच्या शिळेच्या कडेला माशाच्या शेपटीचं टोक दिसलं म्हणून त्यानं तिच्यावर खडूनं खूण केली आणि जेवायला गेला. तेवढ्यात मुकादमानं ती सासऱ्यांना दिली. बिचारा तिच्या मागावर दोन दिवस गावोगाव फिरत होता. मांडवात शिरला तो मुकादमाला शिव्या देतच. मग त्यानं शिळा पाहिली.

शिवी अर्धीच राहिली. त्यानं टोपी काढली. सगळा मांडव पाहत असताना तो गुडघ्यांवर हळदीच्या चिखलात बसला आणि दोन्ही हात माशाच्या वर धरले, टेकवले मात्र नाहीत. शेकोटीवर धरतात तसे. एवढा उंच गोरा माणूस मी तोवर कोणापुढं वाकलेला पाहिला नव्हता, आणि पुढंही पाहिला नाही.

“साहेब,” सासरे म्हणाले, “हा कोन होय, हे सांगा. मासा का कासव का नाग? लग्न अडलं हाये.”

साहेबाचं हिंदुस्तानी असं, की ऐकून त्याचं तट्टूसुद्धा कान पाडायचं. पण समजायचं. त्यानं खोगिराच्या पिशवीतून एक डबी काढली. कापसात गुंडाळलेला एक दगड सोडला. त्यात अंगठ्याएवढा किडा. पाठीवर उभे तीन पट्टे, आडव्या घड्याच घड्या, पावसाळ्यात हात लावला की वळून गोल होतो त्या पैसा किड्याची आठवण यावी असा. पण सगळा दगडाचा.

“ये सबसे बुढ्ढा,” साहेब म्हणाला. “जब मछली नहीं, घास नहीं, पंछी नहीं, तब ये था. समंदर में. कवच पहन के.”

बाबांनी तो हातात घेतला. गवत नव्हतं हे त्यांना पटेना. “मंग बैल काय खात?” त्यांनी विचारलं.

“बैल भी नहीं.”

बाबांनी किडा उलटसुलट करून पाहिला. बैल नसलेलं जग त्यांनी तोवर कल्पिलंच नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. माणूस विहिरीत डोकावतो आणि तळ दिसत नाही, तसा झाला होता.

“हा आपल्या माशाचा आजा का?” सासऱ्यांनी विचारलं. “यालेबी चिलखत हाये.”

“नहीं, नहीं! कोट एक जैसा, घर अलग.” आणि साहेबानं समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. दोन सैन्यांचे शिपाई चिलखत घालतात म्हणून ते एका आईचे होत नाहीत. या किड्याचं चिलखत चुन्याचं, आणि आत हाड म्हणून नाही. माशाचं चिलखत हाडाचं. कासवानं आपलं वेगळं केलं, खवले मांजरानं आपलं वेगळं, नागानं वेगळं. प्रत्येकाला कोणीतरी खाणारा भेटला आणि प्रत्येकानं आपापल्या घरी चिलखत शिवलं. नातं पाहायचं तर कोट पाहू नये, कोटाचं सूत पाहावं.

हे मात्र मांडवातल्या प्रत्येक माणसाला कळलं. सूत पाहून कापूस कोणत्या काळ्या रानातला ते सांगणारी माणसं ती.

“मंग या माशाच्या सुताचा कोन कोन हाये?” सासऱ्यांनी विचारलं. “तेच त इचारून राहिलो.”

साहेब घुटमळला. माशाच्या शेपटीजवळ एक खवला सुटा होता, तो त्यानं चिमटीत उचलला. मग बाबांपुढं उभा राहिला.

“मुँह खोलो.”

आमच्या बाबांचे दात बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत नावाजलेले. गाठीचं दावं हातानं सुटलं नाही तर लोक बाबांना बोलावून न्यायचे. त्यांनी तोंड उघडलं. साहेबानं खवला त्यांच्या पुढच्या दातापाशी धरला. ऊन दोन्हींवर पडलं.

एकच चकाकी. तीच, दुधात काच मिसळावी तशी. मी वितीवर उभा होतो, आणि यात मी रतीभर वाढवून सांगत नाही. बाकीच्यात वाढवलं असेल.

“वही चीज़,” साहेब म्हणाला. “पहले चमड़ी पे था. बाद में मुँह में. मेरे मुल्क में इस पर बड़ा झगड़ा है. पादरी मेरे से बात नहीं करता.”

 मग सनईवाल्यानं, गाल फुगलेलेच ठेवून, हळूच बोट तोंडात घातलं आणि आपला दात चाचपला. मग भटजींनी, पाठमोरे असताना. मग एकामागून एक सगळा मांडव, फेटेवाले, पाटलिणी, स्वयंपाकाचे आचारी, तोंडात बोट घालून उभा राहिला. मीही घातलं. हळदीची चव आली, आणि तिच्या खाली तो. गुळगुळीत, टणक, थंड. माझ्या तोंडात आयुष्यभर होता आणि मी त्यानं सुपारी फोडत होतो. मला वाटलं, आपल्या पायांखालची काळी माती बाजूला सरली आहे, मोर्शीपासून मूर्तिजापूरपर्यंत एकच पाणी आहे, आणि त्या पाण्यातून तो संथ येतो आहे, अंगभर दात ल्यालेला. आपण कापूस पेरतो ते त्याच्या पाठीवर. आणि त्याच्याही मागं अंधारात कोणी कोणी उभे आहेत, प्रत्येकाच्या मागं एक, आणि शेवटचा दिसतच नाही.

तंद्री मोडली ती सासऱ्यांच्या आवाजानं. “मंग त सगळ्या वऱ्हाडाचं देवक एकच झालं! कोनाचं लग्न लावाचं कोनाशी?”

आता मात्र हाहाकार उडाला. एकीला आपल्या नवऱ्याकडं पाहवेना. पाटील म्हणाले, पंच बसवा. पण आमच्याकडं पंचाचा नियम कडक. ज्याचं नातं, त्यानं निवाड्याला बसू नये. आणि दात असलेला प्रत्येक जण तर नात्यातला ठरला होता. पाटलांना दात. भटजींना दात. साहेबालाही, आणि तेही पुढं आलेले.

ठक, ठक, ठक. मग खलबत्ता थांबला.

“माह्या तोंडात एकबी नाई,” आत्या म्हणाली.

सगळे वळले. तिनं तोंड उघडून दाखवलं. खरंच, आत नुसता गुलाबी अंधार होता. मांडवात बिनदाताचे दोघंच, एक ती आणि दुसरं पाळण्यातलं तान्हं. तान्ह्याला बोलता येत नव्हतं.

“म्हंजे आत्याबाई, तुमीच पंच,” पाटील म्हणाले. तिनं पान गालात सरकवलं आणि सावकाश चघळलं. माझी अकरावी भाकरी, नवरीचा जन्म, दोन घरांची अब्रू, सगळं त्या पानाबरोबर घोळत होतं.

“एवढ्या जुन्या नात्यानं सोयरीक मोडत असन,” ती म्हणाली, “त ज्वारीबी खाऊ नका. तेबी कोनाची तरी मावशी निंगन. देवक लोकायच्या तोंडात नाई पाह्यत, मेढीले पाह्यत. मेढीले त्यायचं कासव होतं अन् आपला नाग होता. बांधा परत. अन् त्या साहेबाले जेवाले घाला, वाळून राहिला.”

बांधले. सनईवाल्यानं गालांतली हवा सोडली. संध्याकाळी लग्न लागलं. साहेब वरण-पोळीवर असा तुटून पडला, की त्याचे पूर्वज मासे होते याबद्दल कोणाला शंका उरली नाही. जाताना शिळा त्याला दिली. घरात ठेवली असती तर रोज कोणीतरी बघायला येऊन भांडण उकरलं असतं. त्यानं ती किती घासली म्हणे, पण हळद निघाली नाही. कुठं दूरदेशी काचेच्या कपाटात पिवळा मासा दिसला तर समजा, ती माझी हळद आहे.

दुसऱ्या दिवशी गाड्या बडनेऱ्याकडं निघाल्या. छपराच्या धमणी-गाडीत आम्ही दोघं, पडदा अर्धा वर, बाहेर कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी रानं. मला राहवेना. मी बोलत सुटलो. तो किडा, तो मासा, ते पाणी, तोंडातलं चिलखत, मागं मागं उभे असलेले ते सगळे. मी म्हणालो, बाबांनी दगड पलटवायला लावला नसता तर हे कोणाला कधी कळलंच नसतं, सगळं वऱ्हाड आंधळं राहिलं असतं.

ती बाहेर रानाकडं बघत होती.

“म्या पाह्यला होता,” ती म्हणाली. “दगड धुतला तवाच. म्हनूनच उलटा बसवला होता.”